आणखी किती ‘मातशें राव’?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘विजेची गाडी आताच नको’ हा लेख सकाळी चहाबरोबर वाचला आणि चहा गार झाला. लेखकमहाशय सांगतात, दोन-तीन वर्षे कळ काढा, गाडी स्वतःच चालू लागेल, मग घ्या. लेखाला जोडलेल्या छायाचित्रात डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली गाडी आणि सहा पदरी अमेरिकन रस्ता. फोंड्याच्या वरच्या बाजारातला एखादा फोटो मिळाला नसावा.

हा सल्ला मला नवा नाही. बेंगळुरूला संगणक क्षेत्रात असलेला माझा भाचा तो २०२२ पासून देतो आहे. तेव्हा मी निवृत्तीच्या पैशांतून विजेची गाडी घ्यायला निघालो होतो, सरकारी अनुदानही होते. भाच्याचा फोन आला, “मामा, मातशें राव. सेल्फ-ड्रायव्हिंग येता.” म्हणजे कोंकणीत, जरा थांब, स्वतः चालणारी गाडी येतेय. मामा रावला. अनुदान मात्र रावले नाही. मी मन बनवीपर्यंत ते बंद झाले.

आणि रावून काय झाले तेही ऐका. माझी २००९ सालची पेट्रोल गाडी. मुलगी बेळगावात दिलेली, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी उसगाव, साखळी, केरी करून चोर्ला चढावा लागतो. गेल्या वर्षी जुलैत ऐन घाटात क्लच प्लेट जळाली. वर पाऊस, समोर हातभर अंतरावरचे दिसेना असे धुके, आणि मोबाईलला रेंज शून्य. एका दुधाच्या टेम्पोवाल्याने खाली केरीत जाऊन निरोप दिला, त्याचे नाव विचारायचेही राहिले. गाडी ओढून न्यायला माणूस आला तो पावणेचार तासांनी. तोवर आम्ही दोघे दगडाचा आधार दिलेल्या गाडीत बसून, लेकीसाठी नेलेल्या खतखत्याचा डबा मांडीवर. शेवटी तो आम्हीच खाल्ला. बायको एकच वाक्य बोलली, “भाच्याला फोन लावा, म्हणावं गाडी स्वतः चालत नाही, आता थांबलीय तीही स्वतःच.” त्या दुरुस्तीला किती पैसे गेले ते लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

म्हणून गेल्या महिन्यात विजेची गाडी चालवून बघायला गेलो. दाखवली ती वरची आवृत्ती. ‘लेव्हल टू अ‍ॅडास’, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा: गाडी आपली पट्टी धरून राहते, पुढच्या वाहनापासून अंतर राखते, वेळेला ब्रेकही लावते. लक्ष मात्र चालकानेच ठेवायचे. गाडी स्वतः चालण्याच्या पातळ्या शून्य ते पाच अशा सहा आहेत, आणि आपल्या रस्त्यांवर विकले जाते ते हे दोन नंबरचे. बाणस्तारीच्या पुढे शेजारी बसलेला मुलगा उत्साहाने म्हणाला, “सर, आता हात हलका ठेवा, बघा.” हलका ठेवला. तिथे डांबरीकरणानंतर नवे पट्टे एका बाजूला आणि जुने अर्धवट पुसलेले दुसऱ्या बाजूला आहेत. गाडीला जुने आवडले. ती थेट गटाराकडे निघाली. मी स्टिअरिंग ओढले तर तेच मला उलटे ओढू लागले, जणू चूक माझीच. पुढे एका वळणावर गुरे बसलेली. ब्रेक असा लागला की मागचा स्कूटरवाला आमच्या डिकीत यायचाच बाकी होता. त्याने जे ऐकवले ते आपण छापणार नाही. मुलाने निमूटपणे स्क्रीनवर दोन-तीनदा बोट टेकवले आणि म्हणाला, “सर, इथे आम्ही हे बंदच ठेवतो.”

म्हणजे जास्तीचे पैसे मोजून घ्यायचे आणि बंद ठेवायचे!

लेखकांनी परदेशांचा दाखला दिला आहे, तर तिथलेच बघू. विजेच्या गाड्या बनवणाऱ्या टेस्ला कंपनीचे इलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये सांगितले होते की २०१७ संपायच्या आत गाडी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला कोणी हात न लावता जाईल. २०१९ मध्ये म्हणाले, पुढच्या वर्षी दहा लाख रोबोटॅक्सी, म्हणजे विनाचालक टॅक्सी. आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांनीच कबूल केले की ज्यांनी स्वतः चालण्याची ही सोय आगाऊ पैसे भरून घेतली त्यांच्या जुन्या गाड्यांतला संगणक बदलावा लागेल. फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्कोत वेमो कंपनीच्या विनाचालक टॅक्सी धावतात हे खरे, पण आधी इंचन्इंच नकाशा काढलेल्या भागात. चोर्ल्याचा नकाशा पावसाळ्यात दर आठवड्याला बदलतो. शिवाय नितीन गडकरी यांनी २०१७ पासून एकदा नव्हे, अनेकदा सांगितले आहे की विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही, चालकांचा रोजगार जाईल. आपल्या लेखकांच्या वाचनात ते आलेले दिसत नाही.

आता एक कबुली देतो. गोव्यात स्वतः चालणारी गाडी कोणाला हवी असेल तर ती मला. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, तरी रात्री समोरून येणाऱ्या एलईडी दिव्यांनी डोळ्यांपुढे चांदणे पडते. अंधार पडला की मी गाडी काढत नाही. पण माझे लायसन २०२९ पर्यंत. पंचावन्न ओलांडल्यावर ते पाच-पाच वर्षांचेच मिळते. माझा हिशेब तेवढ्या काळाचा, आणि तेवढ्या काळात जी गाडी मिळेल ती मलाच हाकायची आहे. बॅटरीची हमी आठ वर्षांची, म्हणजे ती माझ्या लायसनपेक्षा जास्त जगेल. लेकीकडचा पल्ला एका बाजूने शंभर-सव्वाशे किलोमीटर, एका चार्जमध्ये आरामात होतो. येताना घाट उतरताना तर चार्ज कमी होण्याऐवजी टक्का-दोन टक्के वाढतो, असे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने गाडीची स्क्रीन दाखवून पटवले. आणि मुख्य म्हणजे, जळायला क्लच प्लेटच नाही.

खरी अडचण लेखात कुठेच नाही. ती आमच्या सोसायटीत आहे. माझ्याच मीटरवरून माझ्याच पार्किंगपर्यंत एक वायर आणि पंधरा अँपियरचा एक प्लग, एवढेच मागितले. पाच महिने अर्ज पडून आहे. घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतच स्पष्ट केले होते. त्याची प्रत दिली, तर सेक्रेटरी म्हणतात, “मास्तर, आग लागली तर?” तळमजल्यावर अकरा गॅस सिलिंडर आणि त्यांची स्वतःची दोन जागा अडवणारी डिझेल गाडी उभी आहे, तिची भीती कोणाला नाही. शेवटी काय म्हणाले असतील? “सगळे नीट ठरेपर्यंत थोडे थांबा.”

मी थांबणार नाही. गाडी नोंदवली आहे, मधली आवृत्ती, अ‍ॅडासशिवाय. प्लग मिळेपर्यंत गावच्या घरी ओसरीत चार्ज करीन. भाच्याला अजून सांगितलेले नाही. तो आपला अंक रोज मोबाईलवर वाचतो, तेव्हा कृपया हे पत्र कापाकापी न करता छापावे. मागच्या वेळी अर्धेच छापले होते.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, फोंडा