भुसावळच्या दवाखान्यातील सिस्टरांस

आदरणीय सिस्टर,

जय ख्रिस्त.

आपली बदली होऊन दीड वर्ष झाले. निरोपाच्या दिवशी आभाराचे दोन शब्द बोलायला मी उभी राहिले, तेव्हा "माय, मागे रांग आहे," असे म्हणून आपण मला खाली बसवलेत. ते राहिलेले आभार आज या पत्रातून, आणि तेही उघडपणे, मानत आहे. कारण चर्चमध्ये शेवटच्या बाकावर मोबाइल मुठीत धरून बसलेल्या आया मला अजूनही दर रविवारी दिसतात, आणि काही काळापूर्वी त्याच बाकावर मी बसत होते.

आमचे यजमान रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे काळजी मला नवी नव्हती. पण ती काळजी गाडी भुसावळ स्टेशनात शिरली की संपायची. धाकटा मुलगा सुरतेला कापडाच्या बाजारात कामाला गेला आणि त्याने आधी मिस्सा (चर्चमधली रविवारची उपासना), मग घरी येणे आणि शेवटी फोन उचलणे सोडले, तेव्हा जी काळजी सुरू झाली तिला स्टेशनच नव्हते. तो दारू पितो असे कोणीतरी सांगितले. मी रात्री दोन वाजता उठून त्याचे 'लास्ट सीन' पाहू लागले. हरेगावच्या मतमाउलीला (मरियामातेला) नवस बोलले, नाशिकरोडच्या बाळ येशूला बोलले, एकामागून एक तीन नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) केल्या. एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. पण मी त्याच्या खोलीतल्या मुलाचा नंबर मिळवला आणि नंतर थेट त्याच्या शेठला फोन करून मुलगा वेळेवर कामावर येतो का, असे विचारले. त्यानंतर त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

त्या आठवड्यात मी आपल्याकडे आले ती डोके दुखते म्हणून. आपण दंडाला पट्टा बांधलात, वरचे १७० आणि खालचे १०० भरले. "कशी शे माय?" असे आपण आपल्या केरळी उच्चारातल्या अहिराणीत विचारलेत आणि मला रडू कोसळले. (धुळ्याकडच्या खेड्यांतून आपण उचललेली ती अहिराणी ऐकून एरवी आम्ही हसत असू.) देवावर भरवसा ठेवा, सगळे ठीक होईल, हे वाक्य तोपर्यंत मी इतक्या जणांकडून ऐकले होते की आपणही तेच म्हणाला असता तर मी उठून गेले असते. आपण आधी मला डॉक्टरांकडे पाठवून गोळी सुरू करून घेतलीत, बीपी लिहिण्यासाठी एक वही दिलीत, आणि मग माझ्या हातातल्या जपमाळेकडे पाहून म्हणालात, "ही तुटली आहे की."

निळ्या मण्यांची ती माळ चौथ्या आणि पाचव्या दशकाच्या, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या गटांच्या, मध्ये तुटली होती आणि मी तिला दोऱ्याची गाठ मारली होती. आपण ड्रॉवरमधून पितळी तार काढलीत, चिमट्याने तिची बारीक कडी वळवलीत आणि ती बसवता बसवता मला विचारलेत, आनंदाचे पाचवे रहस्य (जपमाळ म्हणताना मनात आणायचा प्रसंग) कोणते? लहानपणापासून पाठ असलेले उत्तर मी दिले: येशू मंदिरात सापडतो. "सापडतो हे शेवटी," आपण म्हणालात, "त्याच्या आधी काय झाले?"

ते मी तोवर कधी नीट पाहिलेच नव्हते. मुलगा बारा वर्षांचा. तो सोबतच्या घोळक्यात असेल असे समजून आईबाप एक दिवसाची वाट चालून गेले, नातलगांत शोधले, उलट फिरले आणि तो तिसऱ्या दिवशी सापडला. आई त्याला रागावली. त्याने उत्तर दिले, आणि शुभवर्तमानात लूकने पुढे सरळ लिहून ठेवले आहे की ते उत्तर त्यांना समजले नाही. पवित्र मरियेलाही मुलाचे बोलणे समजले नव्हते आणि तरी ती त्याच्यासोबत नासरेथला परतली व ते सगळे मनात जपून राहिली, हे आपण मला दाखवलेत. मी मात्र समजल्याशिवाय झोपायलाही तयार नव्हते.

नोव्हेनांबद्दल आपण जरा कडक बोललात. प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर शिष्य आणि मरिया माडीवरच्या खोलीत प्रार्थना करीत पवित्र आत्म्याची वाट पाहत राहिले ते नऊ दिवस. त्यांच्याजवळ वचन होते, तारीख नव्हती. "तुम्ही दहाव्या दिवशी बिल पाठवता," हे आपले वाक्य मला तेव्हा लागले, आता त्याचे हसू येते. मुलाला चिठ्ठी लिहून शेठला केलेल्या फोनची माफी मागायला लावलीत, हे त्याहून अवघड होते. आईने मुलाची माफी मागायची, हे आमच्याकडे कोणाच्या गावीही नसते. मी चार ओळी लिहायला आठ दिवस घेतले.

२७ ऑगस्टला, संत मोनिकाच्या सणाला, आपण तिची गोष्ट सांगितलीत: मुलाने, ऑगस्टिनने, समुद्रापार जाऊ नये म्हणून ती कार्थेजला रात्रभर प्रार्थना करीत राहिली आणि तो तिला चकवून त्याच रात्री जहाजाने रोमकडे निघून गेला. पुढे मिलानमध्ये त्याला बिशप अँब्रोज भेटले आणि ३८७ साली त्यांच्याच हातून ऑगस्टिनचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा मी तक्रार केली की मोनिका निदान मुलामागे मिलानपर्यंत गेली, आपण तर मला सुरतेची गाडीसुद्धा धरू देत नाही. त्यावर आपण खूप हसलात, पण परवानगी काही दिली नाहीत.

सिस्टर, मुलगा अजून मिस्सेला जात नाही. पितो की नाही, मला ठाऊक नाही. चिठ्ठीनंतर दोन महिन्यांनी त्याने नंबर उघडला आणि आपण घालून दिलेल्या नियमाप्रमाणे मी रविवारी एकदाच, आधी पाच दशके म्हणून, मगच फोन करते. नाताळात तो दोन दिवस येऊन भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन गेला. मी एकही प्रश्न विचारला नाही, म्हणजे एकच विचारला, जेवणाचा. रात्री अजून जाग येते, पण हात मोबाइलकडे न जाता उशीखालच्या माळेकडे जातो, आणि पुष्कळदा दुसरे दशक पूर्ण होण्याआधीच डोळा लागतो. वहीत वरचा आकडा १३० च्या आसपास असतो.

गेल्या महिन्यात ती पितळी कडी पुन्हा सैल झाली. या वेळी मी ती घरच्या पकडीने स्वतःच पिळून बसवली आहे. वाकडी बसली आहे. आपण पाहिलीत तर नक्की नावे ठेवाल.

आपली ऋणी,
भुसावळची एक आई