शाळेचा नकार कागदावर येऊ द्या : शालेय शिक्षण मंत्र्यांना एका नागपूरकर आईचे खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

विषय : दिव्यांग विद्यार्थ्याने मागितलेली सोय नाकारताना शाळेने लेखी व सकारण उत्तर देणे बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात असता, म्हणून हे पत्र आपल्याला या शहरातूनच लिहीत आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, ती वॉकर घेऊन चालते, वाचनात आणि गणितात वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीने आहे. तिसरीपर्यंत तिचा वर्ग तळमजल्यावर होता. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडल्या तेव्हा कळले की चौथीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरणार आहे. शाळेत लिफ्ट नाही. रॅम्प आहे, पण तो फाटकापासून कार्यालयापर्यंत जातो आणि तिथे जिना सुरू होतो. शासनाच्या माहितीत मात्र या शाळेपुढे ‘रॅम्प : आहे’ अशीच नोंद जात असणार.

मी लिफ्ट मागितली नव्हती. चौथीची एक तुकडी खाली आणावी आणि तळमजल्यावरची संगणकाची खोली वर न्यावी, एवढेच म्हटले होते. त्याला वीज-जोडणीचा थोडा खर्च आणि दोन दिवसांची हलवाहलव लागली असती. उत्तर मिळाले, ‘आपल्याकडे तशी व्यवस्था नाही.’ पुढच्या भेटीत विचारले गेले, ‘तुम्ही तिला विशेष शाळेत का घालत नाही?’ तिसऱ्या भेटीत मी हेच लेखी मागितले, तेव्हा लेखी काही मिळणार नाही असे सांगण्यात आले. दोन महिने मी तिला सकाळी कडेवर वर नेले आणि दुपारी खाली आणले. मधल्या वेळात ती पाणी पीत नसे, कारण स्वच्छतागृह खाली होते. ही गोष्ट मला तिने नाही, तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने सांगितली.

महोदय, ‘व्यवस्था नाही’ हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने उत्तर ठरत नाही. दिव्यांग व्यक्तींचे अधिकार अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम २ मध्ये भेदभावाची व्याख्या करताना वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच कलमात वाजवी सोय म्हणजे काय तेही दिले आहे : त्या विशिष्ट प्रकरणात अवाजवी भार न पडता करता येतील असे आवश्यक व योग्य बदल. यातले ‘विशिष्ट प्रकरणात’ हे शब्द मला सर्वात महत्त्वाचे वाटतात. भार अवाजवी आहे असे शाळेला म्हणायचे असेल तर तिने त्या एका मुलाची गरज, ती भागवण्याचे मार्ग आणि त्यांचा खर्च तपासायला हवा. असा विचार झाला की नाही, हे तोंडी नकारातून कधीच कळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये नागरी सेवा परीक्षेचे उमेदवार विकास कुमार यांच्या प्रकरणात, लेखनिकाच्या (परीक्षेत उत्तरे लिहून देणाऱ्या मदतनिसाच्या) मागणीवर निर्णय देताना, वाजवी सोयीचा हक्क ४० टक्के दिव्यांगत्वाच्या अटीला बांधता येणार नाही असे सांगितले. तरीही प्रमाणपत्रावरचा टक्का पाहून पालकांना परत पाठवले जाते. विशेष शाळेचा सल्लाही तितकाच निराधार आहे. कलम ३१ नुसार लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के, दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला शेजारच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि या दोहोंतली निवड मुलाची आहे, मुख्याध्यापकांची नाही.

आपल्यालाच लिहिण्याचे कारण कलम १६ मध्ये आहे. प्रवेशात भेदभाव नसणे, इमारत व आवार वापरता येण्याजोगे असणे, प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे सोय देणे, अध्ययन अक्षमता लवकर ओळखणे ही कामे तिथे सांगितली आहेत, आणि शासनाने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या सर्व शाळांकडून ती होतील यासाठी झटण्याची जबाबदारी शासनावर व स्थानिक प्राधिकरणांवर टाकली आहे. मान्यता आपला विभाग देतो.

मी तक्रार घेऊन संबंधित कार्यालयात गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘शाळेने लेखी काय दिले आहे?’ काहीच नव्हते. अधिनियम मोडल्यास कलम ८९ प्रमाणे पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे, दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांकडे दादही मागता येते. पण हातात कागद नसेल तर पालकाने काय सिद्ध करायचे? माझी मुलगी आता घरापासून नऊ किलोमीटरवरच्या शाळेत ऑटोने जाते. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी वर्ग खाली घेतला.

माझी मागणी एकच आहे. आपण असा शासन निर्णय काढावा की पालकाने सोयीसाठी दिलेला अर्ज प्रत्येक मान्यताप्राप्त शाळा, मग ती स्वयंअर्थसहाय्यित असली तरी, पोच देऊन स्वीकारेल. १५ दिवसांत मुख्याध्यापकांच्या सहीने उत्तर देईल. नकार असल्यास कोणते पर्याय तपासले आणि ते का शक्य नाहीत हे लिहील. आणि त्या उत्तराची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईल. मुदतीत उत्तर न आल्यास तो नकारच मानला जावा. रॅम्पची जशी नोंद होते, तशी या नकारांचीही जिल्हावार नोंद व्हावी.

माझ्या अनुभवात पुढच्या वर्षी कोणता वर्ग कोणत्या खोलीत बसणार हे शाळा एप्रिल-मे महिन्यांत ठरवतात. शासन निर्णय त्याआधी निघाला, तर येत्या जूनमध्ये त्याचा उपयोग होईल.

आपली विश्वासू,
एक पालक, नागपूर