रात्रभर बाळाचा श्वास बघणारी आई

संपादक महोदय,

मूल गमावलेल्या घरात नवं बाळ आलं, की आई रात्रभर त्याचा श्वास बघत जागते. ‘आता विसर ते’ म्हटल्याने ती भीती जात नाही, उलट ती एकटी पडते. नवजात बाळ मिनिटाला ३० ते ६० श्वास घेतं. मध्येच ५-१० सेकंद थांबून पुन्हा भरभर घेतं. म्हणून बाळ शांत असताना पूर्ण मिनिट मोजावं, पंधरा सेकंदांवरचा हिशेब फसतो. छाती खोल आत ओढली जाणं, ओठ निळे पडणं, दूध न ओढणं दिसलं तर तडक डॉक्टर गाठावा. बाळाला उताणं, घट्ट गादीवर, उशीविना झोपवावं. रात्रीची पाळी दोघांनी वाटून घ्यावी. दुसरं कुणी जागं असूनही आईला झोप येतच नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला उशीर करू नये.

– नवजात शिशू विभागातील परिचारिका