उत्तर आलं, पण का आलं?

ठाणे

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर वैतागून म्हणालीस, "आई, दुसऱ्या दिवशी उत्तरं छापून येतात, ती वाचूनही मला कळत नाही की हेच उत्तर का." तुझ्या ऑफिसातले दोघं डबा खाताना 'हिंदू' या इंग्रजी दैनिकातलं क्रिप्टिक, म्हणजे फसवं शब्दकोडं सोडवतात आणि तू शेजारी नुसती बसून राहतेस, हे ऐकून मला राहवेना. फोनवर ते समजावता येत नाही, अक्षरं डोळ्यांसमोर मांडावी लागतात, म्हणून हे पत्र.

तू विचारलंस ते अगदी मुळातलं आहे. उत्तर कळलं पण कारण कळलं नाही, तर नुसती घरं भरली, कोडं सुटलं नाही. इंग्रजी क्लूंकडे, म्हणजे कोड्यातल्या सूचक वाक्यांकडे, नंतर वळ. आधी मी आपल्याच भाषेत रचलेला एक घे, कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरं:

पासात शिरला डोक्यातला किडा, लोकल बंद पाडणारा (३)

वाचल्याबरोबर डोळ्यांपुढे चित्र येतं. ठाणे स्टेशन, हातात पास, कुणीतरी खुळावलेला माणूस आणि ठप्प झालेल्या गाड्या. रचणाऱ्याने ते चित्र मुद्दाम उभं केलेलं असतं, आणि तुझं पहिलं काम ते पुसून टाकायचं. वाक्य म्हणून वाचू नकोस, शब्द सुटे कर. क्रिप्टिक क्लूमध्ये दोन भाग असतात. एक भाग उत्तराचा सरळ अर्थ सांगतो, रविवारच्या साध्या शब्दकोड्यात सांगतात तसाच. दुसरा भाग तेच उत्तर अक्षरं जोडून, फिरवून, लपवून घडवतो. अर्थ नेहमी एका टोकाला असतो, एकतर सुरुवातीला नाहीतर शेवटी. मधोमध तो कधीच सापडायचा नाही. म्हणजे एवढं लांबलचक वाक्य असलं तरी शोधायच्या जागा दोनच.

इथे शेवट बघ: 'लोकल बंद पाडणारा'. तो बाजूला ठेव. उरलं 'पासात शिरला डोक्यातला किडा'. डोक्यातला किडा म्हटलं की आपल्याला खूळ आठवतं, कुणाच्या तरी डोक्यात वळवळणारं. पण खरोखर डोक्यात होणारा किडा कुठला? शाळेत असताना तुझ्या वेण्या घालायच्या आधी मी फणी घेऊन शोधायचे तो. ऊ. ती 'पास'मध्ये शिरली, म्हणजे पा आणि स यांच्या मध्ये जाऊन बसली. पाऊस. आणि लोकल बंद कोण पाडतो, हे ठाण्याच्या मुलीला सांगायला नको.

आता पेन्सिल घे आणि ज्या शब्दाचं काम कळलं त्यावर काट मार. 'पास' गेला. 'शिरला' ही एकात दुसरं घालायची खूण, तीही गेली. 'डोक्यातला किडा' गेला. 'लोकल बंद पाडणारा' हा अर्थ, तोही गेला. काहीच उरलं नाही. एखादा शब्द उरला असता तर समजायचं, की उत्तर चुकलंय, नाहीतर क्लूच लंगडा आहे. हल्ली लोक क्लू फोनला विचारतात आणि फोन उत्तरासोबत कारणही ठोकून देतो. त्या कारणालाही हीच पेन्सिल लाव. बऱ्याचदा एखादा शब्द बिनकामाचा उभा राहिलेला दिसेल.

ट्रान्सहार्बर लोकलने तुर्भ्याला नोकरीला जायचे तेव्हा मला स्टेशनांचे क्लू रचायचा छंद लागला होता. खिडकी मिळाली की वही निघायची. त्यातला हा सोपा: 'झुबकेदार शेपटीवालीचा निवास नवी मुंबईत (४)'. शेपटीवाली खार, निवास म्हणजे घर. खारघर. इथे खुणेचा शब्दसुद्धा नाही, एकापुढे एक ठेवलं की झालं. दुसरा: 'नवा शीण, पोटी दडलेलं स्टेशन (२)'. यात सोडवायचं काहीच नाही, फक्त बघायचं आहे. न-वा-शी-ण. मधली दोन अक्षरं वाच. रचणारा दोन शब्दांमधली मोकळी जागा मोजत नाही आणि आपण मोजतो, तिथेच आपण फसतो.

काही क्लूंमध्ये घडण नसतेच, दोन्ही टोकांना अर्थ असतो. 'ज्यातून पाणी ओततात ती दुनिया (२)'. जग. गंमत अशी की तोंडाने म्हणताना हे दोन वेगळे शब्द आहेत, एकातला ज जिवातला आणि दुसऱ्यातला जखमेतला, पण कागदावर दोन्ही एकच. इंग्रजीत उच्चार सारखा आणि स्पेलिंग वेगळं अशा जोड्यांवर क्लू करतात. आपल्याकडे लिहायला सारखं, बोलायला वेगळं, असंही करता येतं. मला हे फार आवडतं.

अक्षरं विस्कटण्याबद्दल मात्र माझं ठाम मत आहे, ते ऐक. 'कमल विस्कटून आंब्याचं रोप (३)': क, म, ल हलवले की कलम. स्वच्छ. आता हा: 'बिथरलेला वानर बोहल्यावर (३)'. उत्तर नवरा. ऐकणारा हसतो, टाळी देतो, पण मला हा क्लू मान्य नाही. वानरातला काना व-ला आहे, नवऱ्यातला र-ला. इंग्रजीत लिसन आणि सायलेंट हे शब्द त्याच सहा अक्षरांचे होतात, कारण तिथे प्रत्येक स्वराला स्वतःचं घर असतं. आपल्या चौकटीत एका घरात अक्षर आपल्या काना-मात्रेसकट राहतं. मग विस्कटतानाही ते तसंच उचललं पाहिजे. काना काढायचाच असेल तर तसं उघड सांगावं. 'कान्याविना पान, मग लता, हार्बरचा शेवट (४)'. पानाचा काना काढला की पन, लता म्हणजे वेल, आणि हार्बरची गाडी पनवेलला संपते. इथे रचणाऱ्याने काना काढला, पण तुझ्यादेखत काढला.

या सचोटीवरच हा सगळा खेळ उभा आहे. पहिलं शब्दकोडं आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापलं. ते साधं होतं, अर्थ दिला की शब्द लिहायचा. त्याला फसवं वळण मिळालं ते इंग्लंडात, विशीच्या दशकात. 'ऑब्झर्व्हर'मध्ये १९२६ पासून रचणाऱ्याने टोर्केमाडा हे, पाखंडी ठरवलेल्यांना छळणाऱ्या स्पॅनिश धर्मन्यायाधीशाचं नाव घेतलं, लोकांचा छळ करायचा तर नाव तरी शोभेलसं हवं. त्यानंतर १९३९ मध्ये आलेल्याने झिमेनेस हे तसंच दुसरं नाव घेतलं. १९७२ पासूनचा आझेड. हे नाव रोमन अक्षरांत लिहून मागून वाच: डेझा, आणखी एक धर्मन्यायाधीश. नावातच क्लू लपवलाय. यांतला झिमेनेस नियमाचा पक्का होता: क्लूमध्ये नेमका अर्थ हवा, प्रामाणिक घडण हवी, आणि याखेरीज काहीही नको. माझी पेन्सिल त्याच नियमाची. त्याच काळात आफ्रिट या टोपणनावाने रचणाऱ्या एकाने १९४९ मध्ये लिहिलं, की वरवर जे लिहिलंय तसंच तुमच्या मनात असायला हवं असं नाही, पण जे मनात आहे ते मात्र तिथे लिहिलेलं असलंच पाहिजे. तुझ्या 'हिंदू'तली कोडी १९७१ मध्ये सुरू झाली तेव्हा ती रचत होते अ‍ॅडमिरल कटारी, आपल्या नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख. दोघा सहकाऱ्यांना हे विचार, त्यांना ठाऊक आहे का बघ.

आणि हे सगळं परकं समजू नकोस. व्यासांनी गणपतीला महाभारत सांगायला घेतलं तेव्हा गणपतीची अट होती, लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. मग दम खायला वेळ हवा झाला की ते एखादा कूटश्लोक घालत. असे श्लोक आठ हजार आठशे, असं परंपरा सांगते. जुन्या कूटांतलं एक माझ्या वडिलांनी मला घातलं होतं: केशव पडलेला पाहून द्रोणाला आनंद झाला आणि कौरव रडू लागले. कृष्ण पडला तर कौरवांनी रडायचं कशाला? संस्कृतात 'केशवं' फोडायचं. के म्हणजे पाण्यात, शवं म्हणजे प्रेत. द्रोण म्हणजे कावळा, कौरव म्हणजे कोल्हे. प्रेत पाण्यात पडलं, कावळ्याला बसायला जागा झाली, कोल्ह्यांच्या तोंडचा घास गेला. बघ, नव्या शिणातली वाशी आणि केशवातलं शव काढायची रीत एकच. वाल्या कोळ्याचं 'मरा मरा' तर तू पाळण्यातच ऐकलंस. आणि 'तीन अक्षरी माझं नाव' ही कोडी? पहिलं अक्षर काढलं तर फळात सापडेन, मधलं काढलं तर पुरुष होईन, शेवटचं काढलं तर डोंगर. नगर: गर, नर, नग. हा क्रिप्टिक क्लूच आहे.

आता समजावण्याबद्दल, कारण तू ते दोघांना एक दिवस समजावशील असं मला वाटतं. आजीला मी एक क्लू दिला होता: 'वडा उलटायची चाल (२)'. ती लगेच म्हणाली, "वडा उलटायला झारा लागतो, यात चाल कसली?" चित्रात अडकली. मी उत्तर सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "आई, शेवटचा शब्द धरा. चाल म्हणजे काय काय?" तिने सोंगट्यांपासून सुरुवात केली, खेळी म्हणाली, मग डाव. "आता वडा उलटा वाचा." व-डा, डा-व. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती मोठ्याने हसली. आणि मग तिने जे केलं ते मी विसरणार नाही. म्हणाली, "अगं, डाव म्हणजे आपला आमटीचा डावसुद्धा! मग चाल कशाला आणलीस?" आणि तिने नवा रचला: 'वडा उलटला, आमटी वाढा याने (२)'. माझ्यापेक्षा सरस, कारण पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा मामला स्वयंपाकघरातलाच. जिला दुपारपर्यंत क्रिप्टिक म्हणजे काय ते माहीत नव्हतं तिने संध्याकाळी क्लू रचला. मी उत्तर सांगून मोकळी झाले असते तर तिने "बरं" म्हणून कुकर लावला असता.

म्हणून कुणाला सांगायचं असेल तर याच क्रमाने सांग. आधी अर्थ कुठल्या टोकाला आहे तेवढंच. नाही सुचलं तर खुणेचा शब्द दाखव: हा शब्द उलटायला सांगतोय, हा लपवायला, हा आत घालायला. तेवढ्यावर बहुतेकांचं सुटतं. समोरच्याच्या तोंडून "अरे हो!" निघायला हवं. ते आपण आधीच म्हणून टाकलं तर त्याच्यासाठी काही उरत नाही. आणि तुला कुणी उत्तर सांगायला लागलं तर हात वर करून थांबव, त्यात संकोच नको.

चौकट सोडवताना क्रमाने जायचा हट्ट करू नकोस. आडव्यातलं एक सुटलं की उभ्यातल्या चार शब्दांना एकेक अक्षर मिळतं. छोटे शब्द आणि लपवलेले शब्द आधी शोध. रोजच्या रोज एकाच वर्तमानपत्राचं कर, कारण प्रत्येक रचणाऱ्याच्या लकबी असतात आणि त्या सवयीने कळतात. उत्तर आल्यावर समासात कारण लिहायची सवय लाव. मी अजून लिहिते.

ठाण्याच्या वाटेवरचे हे चार तुझ्यासाठी. कळवाकळवीला फोन नको. कुठल्या शब्दाने काय काम केलं ते लिहून पाठव, उत्तरापेक्षा मला तेच वाचायचंय.

ठाण्याच्या पुढे गेल्यावर सांगा (३)

अंधारात लावतात तिथे गाडी बदला (२)

मोटारीनंतर जेवण, कामगारांच्या जागी (४)

नदी उलटली, गरीब झाला (२)

बाबांना पहिला सुटलाय, बाकीचे तीन ते रोज सकाळी चहाबरोबर घेऊन बसतात. त्यांना तू काही सांगू नकोस. आजी तुझ्या क्लूची वाट बघतेय, तिच्यासाठी एक तरी रचून पाठव, स्वयंपाकघरातला असला तर उत्तमच.

तुझी,
आई