तिसरीनंतर विज्ञानातून आपला जिल्हा बाहेर का पडतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्याचा शालेय अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलतो आहे. शासनाने जाहीर केलेल्या क्रमानुसार २०२५-२६ मध्ये पहिली, २०२६-२७ मध्ये दुसरी, तिसरी, चौथी व सहावी, त्यापुढच्या वर्षी पाचवी व सातवी आणि २०२८-२९ मध्ये आठवी अशी नवी पुस्तके येण्याचे ठरले आहे. पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी यावर मध्यंतरी राज्यभर रान पेटले आणि ते योग्यही होते. पण याच वेळापत्रकात परिसर अभ्यास आणि सामान्य विज्ञान हे विषयही नव्याने लिहिले जाणार आहेत, याबद्दल आपल्या सातारा जिल्ह्यात कोणी चकार शब्द काढल्याचे ऐकिवात नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

बालभारतीने तिसरीसाठी परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार काढले होते. साताऱ्याच्या मुलाच्या हातात साताऱ्याचे, सांगलीच्या मुलाच्या हातात सांगलीचे, अशी ती चांगली सोय होती. चौथीपासून मात्र सगळ्या राज्याला एकच पुस्तक, आणि सहावीला परिसर अभ्यासाचे सामान्य विज्ञान झाले की जिल्हा विज्ञानातून जवळजवळ हद्दपारच होतो. याचा अर्थ नऊ वर्षांच्या मुलाला आपला परिसर पुस्तकात दिसतो आणि ज्या वयात त्याला मोजमाप, नोंद, तुलना आणि अनुमान जमू लागते, त्याच वयात तो परिसर त्याच्यापुढून काढून घेतला जातो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. संकल्पना राज्यभर एकच असाव्यात, त्याबद्दल वाद नाही. पण त्या संकल्पना ज्या प्रयोगांतून आणि निरीक्षणांतून शिकायच्या, त्यांचा एक निश्चित वाटा जिल्ह्याने, शक्य तर तालुक्याने, ठरवलेला असावा आणि त्याला मूल्यमापनात जागा असावी.

सातारा जिल्ह्यापुरते बोलायचे तर यासाठी साहित्य शोधायला कुठे जावे लागणार नाही. पावसाचेच उदाहरण घ्या. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर असलेल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. एकाच जिल्हा परिषदेच्या शाळांत एवढा फरक असणे ही विज्ञान शिकवणाऱ्याच्या दृष्टीने पर्वणी आहे. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून तो उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा, तळाचा खोलगट भाग खडे आणि पाण्याने भरून घ्यायचा आणि त्या पाण्याच्या पातळीपासून वर पट्टी चिकटवायची, की पर्जन्यमापक तयार होतो. खर्च शून्य. मग मुले स्वतःच अडचणी काढतात: बाटलीला मध्येच घड्या असतील तर नोंद चुकते का, तोंड रुंद असेल तर पाऊस जास्त भरेल का, झाडाखाली ठेवली तर काय होईल. रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी जास्त जमते पण उंची तेवढीच राहते, हे सरळ भांड्यात एकदा स्वतः मोजून पाहिलेल्या मुलाला क्षेत्रफळ आणि आकारमान यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढे कळले की पुढचे गणित ती आपणहून करतात. पन्नास चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर माणमध्ये वर्षाला साधारण पंचवीस हजार लिटर पडते आणि महाबळेश्वरात पावणेतीन लाखांच्या पुढे. तरीही उन्हाळ्यात टँकरची वाट दोन्हीकडच्या काही वाड्या का बघतात, हा प्रश्न सहावीच्या वर्गात निघाला तर उतार, जांभा, पाषाण, पाणी मुरणे, पर्जन्यछाया हे सगळे त्याच्या पाठोपाठ येते. दोन तालुक्यांतल्या दोन शाळांनी आपापल्या नोंदी आठवड्याला एकमेकींना मोबाइलवर पाठवल्या, तर त्यासाठी वेगळा निधीही लागत नाही. (जुलैत महाबळेश्वरच्या शाळेला बाटली दिवसातून दोन-तीनदा रिकामी करावी लागेल, एवढीच काय ती अडचण.)

दुसरे उदाहरण कोयनेचे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाची तीव्रता ६.३ ते ६.५ च्या दरम्यान मानली जाते. धरणाच्या जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात या घटनेचा उल्लेख जगभर होतो. जलाशयातल्या पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब यांचा जमिनीखालच्या हालचालींशी काय संबंध आहे, याचा शोध घेण्यासाठी केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाची येथे आहे आणि पाटण तालुक्यात सुमारे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेऊन खडकांचा अभ्यास झाला आहे. सहावी आणि सातवी, दोन्ही पुस्तकांत आपत्ती व्यवस्थापनाचा पाठ आहे. पाटण तालुक्यातल्या मुलांनी तो पाठ शिकताना त्या पहाटेची आठवण असलेल्या गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून नोंदी घ्याव्यात, कोणत्या घरांच्या भिंती पडल्या आणि कोणत्या तगल्या हे विचारावे, गावाच्या नकाशावर ते भरावे, हे त्या पाठाचे खरे प्रात्यक्षिक होईल. ती आठवण असलेली माणसे आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत, हेही लक्षात ठेवलेले बरे.

गुऱ्हाळाबद्दलही थोडे सांगतो. कराड-पाटण भागात अजून गुऱ्हाळे चालतात. काहिलीत रस तापत असताना गुळव्या चुन्याची निवळी टाकतो, कारण उसाचा रस आम्लधर्मी असतो. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतो, त्याला धरून मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढली जाते. पुढे पाण्याची वाफ होऊन पाक घट्ट होतो आणि शेवटी साच्यात गूळ बसतो. सातवीतले भौतिक व रासायनिक बदल, मिश्रणे आणि आठवीतले आम्ल व आम्लारी असे तीन पाठ काहिलीपासून सुरक्षित अंतरावर उभे राहून एका सकाळी पाहता येतात. सांगलीच्या मुलांना आम्लारी ओळखण्याचे काम हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदाने करता येईल; चुन्याच्या निवळीत तो लाल होतो. कासच्या पठाराचा मोह मात्र आवरावा. सातवीचा पहिलाच पाठ अनुकूलनाचा आहे आणि दवबिंदू, सीतेची आसवं यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती तिथे आहेत हे खरे. पण हजारो मुलांच्या सहली तिथे नेल्या तर जांभ्यावरचा मातीचा पातळ थर आणि त्यावरची झाडे दोन्ही जातील. ज्या गावाला जे आहे, त्याचाच उपयोग व्हावा.

यावर दोन हरकती येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिली म्हणजे वेळ. सहावीच्या सध्याच्या पुस्तकात सोळा पाठ आहेत, सातवीच्या वीस. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. त्यात निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराच्या नोंदी. वीस पाठ संपवायचे म्हटल्यावर प्रयोग फळ्यावरच होतो आणि मुले तो 'निरीक्षण' व 'अनुमान' अशा मथळ्यांखाली लिहून घेतात. म्हणून नव्या पुस्तकात पाठांची संख्या कमी केल्याशिवाय बाकी सगळी चर्चा व्यर्थ आहे. बारा पाठ नीट झाले तर मुलाचे काहीही बुडत नाही.

दुसरी हरकत शिक्षकांची. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला विज्ञान-गणितासाठी स्वतंत्र शिक्षक हवा. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी भाषेचे शिक्षकच विज्ञान घेतात, आणि द्विशिक्षकी शाळेत तर जो उपलब्ध असेल तो. बदली होऊन दुसऱ्या तालुक्यातून आलेल्या शिक्षकाला गावातला ओढा, दगड, पीक माहीत नसते, त्यामुळे स्थानिक भाग त्याच्यावर सोडून देणे अन्यायाचे होईल. यासाठीच तो भाग छापील स्वरूपात हाती हवा. फलटणच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने तालुकावार पूरक पुस्तिका तयार कराव्यात. प्रत्येक घटकाला दोन किंवा तीन प्रयोग, लागणारे साहित्य, अपेक्षित नोंदी आणि हमखास होणाऱ्या चुका एवढे त्यात असले तरी पुरे. याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलाने कृतीतून स्वतःच शिकायचे अशा पद्धतीने वर्ग चालवून दाखवले तेव्हा ते पाहायला राज्याच्या कानाकोपऱ्यातून शिक्षक येत होते. तिथला भर प्रामुख्याने खालच्या वर्गांच्या भाषा-गणितावर होता. तेच बळ विज्ञानामागे उभे राहिलेले मी पाहिलेले नाही.

त्याचे कारण उघड आहे. शिष्यवृत्ती परीक्षा, पूर्वी पाचवी-आठवीला असलेली आणि आता चौथी-सातवीला आणलेली, भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता यांवर होते. नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत विज्ञान नाही. राज्यस्तरावरून येणाऱ्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या भाषा, गणित आणि इंग्रजीच्या. आपल्या जिल्ह्यात शिष्यवृत्तीची यादी लागली की शाळांचे फलक लागतात, पालक शाळा निवडतात ते त्या फलकांवरून, आणि जादा तास कशाचे घ्यायचे हेही त्यावरूनच ठरते. ज्या विषयाची यादीच लागत नाही, त्याचा तास सराव परीक्षेला देणे सगळ्यांनाच सोयीचे जाते. मुख्याध्यापकांना यात दोष देऊन उपयोग नाही. त्यांना जे विचारले जाते त्याचीच ते तयारी करून घेणार.

म्हणून नव्या अभ्यासक्रमात विज्ञानाच्या संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या मूल्यमापनात किमान एक प्रश्न मुलाने स्वतः ठेवलेल्या नोंदवहीवर असावा, असा माझा आग्रह आहे. 'तुझ्या नोंदवहीतील कोणत्याही सलग सात दिवसांच्या पावसाचा आलेख काढ आणि त्यात न पटणारी एक नोंद दाखव' हा प्रश्न कोणत्याही मार्गदर्शकात छापून येणार नाही. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात प्रात्यक्षिक आणि प्रकल्पाला जागा आजही आहे, पण ते गुण बहुतेक ठिकाणी वर्षअखेरीस एका बैठकीत भरले जातात, हे शिक्षकांना ठाऊक आहे आणि अधिकाऱ्यांनाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी सुचवलेले दप्तरमुक्त दहा दिवस याच कामाला लावता येतील, नाहीतर तेही स्नेहसंमेलनाच्या तालमीत जातील. आठवड्यातले विज्ञानाचे दोन तास जोडून देणे हा तर मुख्याध्यापकांच्या अखत्यारीतला विषय आहे; त्याला शासन निर्णयाची गरज नाही.

हे पुण्यात ठरेल तेव्हा ठरेल, असे म्हणून जिल्हा परिषदेने थांबू नये. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे जिल्ह्याच्या वतीने लेखी सूचना पाठवता येतात, आणि पूरक पुस्तिका छापण्याइतका खर्च जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या सेस फंडातून करता येण्यासारखा आहे. शिक्षण समितीने पुस्तिकेचा मसुदा केंद्रांच्या मासिक शिक्षण परिषदांमध्ये चर्चेला ठेवावा, माण, पाटण आणि महाबळेश्वर या तीन तालुक्यांतल्या काही शाळांत एक पावसाळा तो वापरून पाहावा आणि तिथल्या शिक्षकांचे म्हणणे ऐकून मगच बाकीच्या तालुक्यांना द्यावा. सातवीचे नवे पुस्तक येईपर्यंत एवढे काम सहज उरकण्यासारखे आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
कोरेगाव, जि. सातारा