कांद्याच्या कवितेला जागा देणाऱ्या संपादकांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

अंक मिळाला. कविता पाठवली तशीच छापली आहे, मंत्र्यांच्या सभेचं कडवंसुद्धा जागच्या जागी आहे. बघून गळा भरून आला, म्हणून सगळ्यांच्या देखत आभार मानतोय.

डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली तेव्हा आमच्याकडे लाल कांदा निघत होता. उन्हाळ कांदा चाळीत ठेवून भावाची वाट बघता येते. लाल कांदा टिकत नाही, पडेल त्या भावात द्यावा लागतो. लासलगावला लिलाव बंद पडले, त्या दिवसांत ही कविता सुरू झाली. बंदी उठली ती मे २०२४ मध्ये, आमचं मतदान तोंडावर आल्यावर. शेवटचं कडवं त्यावर आहे आणि नेमकं तेच सगळ्यांना खुपलं. एका नामवंत दिवाळी अंकाने ‘निवडणुकीनंतर बघू’ म्हणून कळवलं. निवडणूक झाली, उत्तर नाही. एका कविसंमेलनात संयोजक कानाशी येऊन म्हणाले, ‘पावसावरची एखादी म्हणा ना.’ ज्या भाषेत अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी मैदानं गाजवली, त्या भाषेतल्या संयोजकांना चार ओळींची धास्ती वाटावी, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आणि तुम्ही रात्री फोन केलात. ‘थांबा, आधी वाचतो,’ म्हणालात आणि माझी कविता मलाच अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचून दाखवलीत. कुठेही घाई नाही. वजनकाट्याच्या ओळीशी थांबून विचारलंत, ‘इथे श्वास अडतो. तुम्हाला तो अडवायचाच आहे ना?’ मी हो म्हटलं. तुमचा प्रश्न तेवढाच. मंत्री कोण, पक्ष कुठला, वाद होईल का, काही काही नाही. तोवर जो तो तिच्यात अडचण शोधत होता. श्वास कुठे अडतो हे कुणी ऐकलंच नव्हतं.

जोखीम तुम्हाला ठाऊक होती. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची गांधींवरची कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या नियतकालिकात आली, तेव्हा कवीबरोबर संपादक आणि मुद्रकही आरोपी झाले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला २०१५ उजाडलं. छोट्या अंकाला एवढी वर्षं वकील कुठून परवडणार? जाहिराती तर एका फोनवर बंद होतात. तरीही पदरमोड करून अंक काढणारी, कवीला आठवणीने दोन प्रती पोस्टाने धाडणारी, शब्दाला जागणारी तुमच्यासारखी माणसं तालुक्यातालुक्यांत आहेत. मोठ्या व्यासपीठांवर त्यांना कुणी बोलावत नाही. मराठी कविता आज जे खरं बोलते, ते त्यांच्या जिवावर.

पीकविम्यावरची नवी कविता लिहून होत आली आहे. ती आधी तुमच्याकडेच येईल.

आपला ऋणी,
निफाड तालुक्यातला एक कवी