बाळ्याला पत्र: आमच्या तात्याबद्दल

सांगली
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय बाळ्या,

तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकतो. एक, हो, पिंजरे बघितले की शिव्या घालणाऱ्या माझ्याच घरात आता पिंजरा आहे. दोन, नाही, आमचं पाखरू, म्हणजे तात्या, ती परत उडणार नाही. आज नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. हे एकदा लिहून टाकलं की बरं वाटतं, कारण जो येतो तो चहाचा कप खाली ठेवायच्या आत हेच विचारतो आणि नाही म्हटलं की असं तोंड करतो जणू घरात कुणी आजारी आहे. कुणीही आजारी नाही. आत्ता ती माझ्या चपलेचा पट्टा कुरतडतेय, चांगली खुशीत आहे.

झालं असं की आमच्या वरच्या मजल्यावरच्या लोकांची बदली झाली आणि सामानाच्या ट्रकमध्ये पक्ष्याची सोय होईना. कॉकटेल, म्हणजे कॉकाटील, तुरेवाला छोटा पोपट. नाव तात्या, कारण डोक्यावरचा तुरा फेट्याच्या तुऱ्यासारखा ताठ उभा. चार दिवस ठेवा म्हणाले, आणि चार दिवस म्हणजे काय ते तुला माहितीये. डावा पंख खाली लोंबत होता. चौकशी केली तेव्हा कळलं की दुकानातून आणतानाच तिथल्या माणसानं "उडून जाऊ नये" म्हणून उजव्या पंखाची पिसं कातरून दिली होती, ती पण एकाच बाजूची. आता मला सांग, एकाच पंखाला हवा मिळाली तर पाखरू सरळ खाली तरी येईल का? गिरकी घेत आदळतं. तसंच पडद्याच्या दांडीवरून आदळलं आणि हाड मोडलं. मग कुणीतरी चिकटपट्टीनं पंख अंगाला गुंडाळून ठेवला, आणि तो तसाच महिनाभर राहिला. पक्ष्यांची हाडं दोनतीन आठवड्यांतच जुळतात रे, आणि तेवढ्यात नीट बसवलं नाही तर वाकडीच जुळतात. वर सांधा इतके दिवस बांधून ठेवला की तोही आखडतो. हे सगळं मला नंतर कळलं, पुण्याला.

इथे गाईम्हशींचे डॉक्टर पुष्कळ, कुत्र्यामांजरांचेही आहेत, पण पक्ष्यांचंच बघणारं कुणी सापडेना, म्हणून पुण्याच्या एका डॉक्टरबाईंची वेळ घेतली. छोट्या पेटीत खाली टॉवेल, वरून ओढणी, गाडीत गाणी बंद, आणि खंबाटकीच्या घाटात तुझी वहिनी मागे बसून "हळू चालव, तात्या घाबरतोय" असं दर वळणाला. एक्सरे काढायला थोडी गॅसची भूल द्यावी लागली. नव्वद ग्रॅमच्या जिवाला भूल! माझाच जीव वरखाली होत होता. बाईंनी फिल्म उजेडात धरून दाखवली, दंडाचं हाड मधे जाड गाठ येऊन कोनात जुळलेलं. ते हाड आतून पोकळ असतं आणि त्यातली हवा श्वासाच्या पिशव्यांशी जोडलेली असते, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे तिथे मोडतोड झाली तर ती नुसती हाडाची राहत नाही. परत मोडून सरळ करायचं का, तर नाही म्हणाल्या, फायद्यापेक्षा धोका जास्त. पंख काढून टाकायचा का, तर तो जमिनीवर घासून सारखी जखम व्हायला लागली तरच. मग दोन्ही पंख पसरून खालून बघितले, शेपटीची खालची बाजू बघितली आणि शांतपणे म्हणाल्या, "हिच्या शेपटीखाली पट्टे आहेत, पंखाखाली पिवळे ठिपके आहेत. मोठ्या नराला हे राहत नाहीत. ही मादी आहे."

तर असा आमचा तात्या आमची तात्या झाली. नाव बदलायचा प्रयत्न आमच्या लेकीनं, चिन्मयीनं केला, पण ती तात्यालाच ओ देते. पोस्टमन ऐकतो "तात्या अंड्यावर बसलीय" आणि काही न बोलता पाकीट ठेवून जातो.

अंड्याचं नंतर सांगतो. आधी घराचं.

बाईंनी एक गोष्ट फार बरी सांगितली, की ती उडण्यासाठी काय करायचं हा विचार सोडा, ती पडणार आहे असं धरून घर लावा. जुना पिंजरा गोल आणि उंच होता, तसले पिंजरे दिसायला छान आणि पाखराला निरुपयोगी. तो दिला भंगारात. आता आहे तो आडवा, रुंद, आणि दांड्या खाली खाली लावल्यात, एकीवरून दुसरीवर चालत जाता येईल अशा. दुकानातल्या गुळगुळीत एकसारख्या दांड्या काढून पेरूच्या फांद्या लावल्या, कुठे जाड कुठे बारीक, म्हणजे तळव्याच्या एकाच जागी दाब येऊन फोड होत नाही. जो पक्षी उडत नाही तो दिवसभर पायावरच असतो ना, त्याचे पाय आधी बिघडतात. पिंजऱ्यातून खाली उतरायला बांबूच्या पट्टीला सुतळी गुंडाळून उतरण केलीय, तशीच एक दिवाणावर चढायला. आणि पिंजऱ्याखाली आईच्या दोन गोधड्या. पडल्यावर पहिला मार छातीच्या मधल्या हाडावर बसतो आणि तिथली कातडी फाटली की लवकर भरत नाही, म्हणून. आईला आधी राग आला, मग तिनंच तिसरी गोधडी काढून दिली, "ही जास्त मऊ आहे" म्हणून.

न उडण्याचा एकच फायदा, पंखा लावता येतो. ज्यांच्या घरी उडणारे पक्षी सोडलेले असतात ते मे महिन्यात पंखा बंद करून घामाघूम बसतात. सांगलीचा मे तू विसरला नसशील.

रोज सकाळी काही खायच्या आत वजन. चिन्मयीनं ऑनलाइन एक ग्रॅमचा काटा मागवला, त्यावर छोटी दांडी ठेवून आकडा शून्य करायचा आणि तात्याला चढवायचं. पक्षी दुखणं लपवतात. पिसं फुगवून गप्प बसलेला पक्षी दिसेपर्यंत बरंच पुढे गेलेलं असतं, पण वजन खोटं बोलत नाही. तिचं ९२ च्या आसपास असतं. दहा टक्के उतरलं की फोन करायचा असा हुकूम आहे, म्हणजे ८३ ला मी गाडी काढणार. वाढलेलं पण चालत नाही, कारण जड शरीर घेऊन पडली तर मार जास्त.

त्यावरून खाणं. वरच्यांकडे ती नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर होती, म्हणजे आपण रोज फक्त शेंगदाणे खाल्ले तर कसं. त्यात चरबी भरपूर आणि अ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. आता पेलेट्स (पाखरांच्या तयार खाण्याच्या गोळ्या), थोडे राळे, थोडी बाजरी, आणि शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा. भोपळ्याला तिनं कित्येक दिवस तोंड लावलं नाही, मग मी तिच्यासमोर बसून स्वतः कच्चा भोपळा खाल्ला, तेव्हा कुठे येऊन माझ्या हातातला हिसकावला. हुरड्याच्या दिवसात तर विचारूच नको. तुझ्याकडे ऑस्ट्रेलियात हेच पक्षी कळपानं येऊन ज्वारी नि सूर्यफुलाच्या शेतांवर धाड घालतात म्हणे, शेतकरी वैतागतात. इथे एक कणीस दिलं की बाईसाहेब तासभर घरात कुणालाच ओळखत नाहीत.

स्वयंपाकघरात एक क्रांती झाली. सगळी नॉनस्टिक भांडी बाहेर. ते टेफ्लॉन जास्त तापलं की जो वायू निघतो तो आपल्याला कळतही नाही, पण पाखरू बघता बघता मरतं. मच्छरची कॉइल बंद, अगरबत्ती देवघराचं दार लावून. तुझ्या वहिनीनं कुरकुर केली नाही असं नाही, कारण तिला आधीच हिच्या पिसांतून झडणाऱ्या पांढऱ्या पावडरीनं शिंका येतात, पण लोखंडी तव्यावरचे घावन परत आले म्हणून आई खूश, त्यामुळे मतदान दोन विरुद्ध एक झालं.

आता अंडं. न उडणारी पाखरं जमिनीवर हिंडतात आणि जमिनीवर हिंडलं की दिवाणाखालचे, कपाटाखालचे अंधारे कोपरे सापडतात. कॉकटेल झाडाच्या ढोलीत घरटं करणारी जात, त्यामुळे अंधारा कोपरा म्हणजे तिच्या दृष्टीनं तयार फ्लॅट. नर लागत नाही, कोंबडी घालते तशीच रिकामी अंडी. एक दिवस चिन्मयीनं झाडू घातला तर तात्या दिवाणाखालून सापासारखी फुसफुसली! बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या अंडी उचलू नका, उचललीत तर ती भरपाई म्हणून आणखी घालेल. कंटाळून उठेपर्यंत बसू दे. खरी काळजी कॅल्शियमची. अंड्याचं कवच बनायला लागणारं कॅल्शियम हाडातून ओढलं जातं, आणि हिच्या हाडांचं तर आधीच तसं. म्हणून पिंजऱ्यात समुद्रफेन अडकवलंय, ते आपल्या बाजारपेठेत काष्ठौषधीच्या दुकानात सहज मिळालं. संध्याकाळी लवकर अंधार करतो, कारण दिवस लांबला की यांना विणीचा हंगाम आला असं वाटतं, आणि दिवाणाखाली फळ्या ठोकल्या. आईचा पायपुसण्यांचा साठा तिथेच होता, तो आता माझ्या कपाटात.

दिवाळीची रात्र वाईट गेली. या जातीला रात्री अचानक दचकायची सवयच असते, अंधारात काही वाजलं की दिसेल तिकडे झेपावतात. लक्ष्मीपूजनाला दिवसभर खिडक्या लावून, पिंजऱ्यावर चादर टाकून ठेवली होती, झिरोचा दिवा चालू ठेवला होता, आणि अकराला सगळं शांत झालं म्हणून आम्ही आडवे झालो तर एक सुतळी बॉम्ब. धडपड ऐकून गेलो तर गोधडीवर रक्त. उजव्या पंखाची कातरलेली पिसं झडून तिथे नवीन येत होती, आणि नवीन पिसाच्या नळीत रक्त असतं, शेजारी मोठी पिसं नसली की त्याला आडोसा नाही, आपटलं की फुटतं. कातरणाऱ्यानं एकदा कात्री चालवली, भोगतेय ती अजून. सगळ्या अंगात मिळून दोन चमचेही रक्त नसतं रे तिच्या. चिन्मयीनं दिवा लावला, मी नॅपकिनमध्ये धरलं, छातीवर दाब न देता, कारण पक्ष्याला श्वासासाठी छाती हलवावीच लागते, आणि तुझ्या वहिनीनं, जिला शिंका येतात, तिनं कॉर्नफ्लॉवरची चिमूट त्या पिसावर दाबून धरली, थांबेपर्यंत. सकाळी वजन ९० आलं, हगली, खाल्लं, शिट्टी मारली. मी त्या दिवशी ऑफिसला गेलो नाही. साहेबांना ताप आहे म्हणून सांगितलं, पाखराचं कोण ऐकणार.

आणि आता तुला हसू येईल असं. आमराईत सकाळी फिरायला जातो तिथे एक आजोबा आहेत, रोज मला सांगतात, "सोडून द्या हो तिला, मुक्या जिवाचा तळतळाट लागतो, पुण्य मिळेल." पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा विषय बदलला, परवा मात्र तिथेच बाकावर बसून त्यांना सगळं ऐकवलं. हिचा देश ऑस्ट्रेलिया, आणि तिथून पक्षी विकायला बाहेर न्यायला १९६० पासून बंदी आहे, म्हणजे इथे विकली जाते ती कॉकटेल पिंजऱ्यातल्यांची पिढ्यान्पिढ्यांची प्रजा. हिच्या आजीनंही रान बघितलं नसेल. सोडली तर कुठे जाईल? पहिल्या झाडापर्यंत चालत? कावळे दहा मिनिटं देणार नाहीत. पुण्य हवं असेल तर पेठेत पिंजऱ्यात विकायला ठेवलेले आपले हिरवे पोपट दिसतात ना, ते खरे इथल्या आकाशातले, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते पकडणं-पाळणं गुन्हा आहे, त्याची वनखात्याकडे तक्रार करा. आजोबा म्हणाले बघू. (तुमच्या वाड्यातला मिठू आठवला मला तेव्हा. लहानपणी आपल्याला काहीच वाटलं नव्हतं.)

मी अजूनही पिंजऱ्याच्या विरोधातच आहे, बाळ्या. दुकानातून एकही पक्षी आणू नये, कुणी विचारलं तर हेच सांगतो, आणि पिसं कातरून देणाऱ्याकडून तर मुळीच नाही. पण जी आहे तिचं काय? ही माणसाळलेली, मोडलेली, आणि नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं सहज जगणारी. म्हणजे मी रिटायर होईन, चिन्मयी कुठेतरी निघून गेलेली असेल आणि तात्या इथेच असेल. तुझी वहिनी म्हणते मृत्युपत्रात घाल. मी हसतो, पण मनात विचार चालू आहे, चिन्मयीला विचारलंय सुद्धा.

तुझ्या गुडघ्याचं काय? फिजिओ सांगतो ते व्यायाम करतोस की नुसते पैसे भरतोस? तात्याला सुद्धा रोज व्यायाम आहे. बोटावर बसवून हात हळूच खाली न्यायचा की ती तोल सांभाळायला पंख फडफडवते, डावा अर्धाच उघडतो, पण तेवढं केलं नाही तर आहे तो सांधाही जाईल. ती कुरकुर करत का होईना करते, तू पण कर.

डिसेंबरचं मात्र जरा बदलावं लागेल. आपलं मालवण या वेळी कॅन्सल, राग मानू नको. हिला रात्री एकटी ठेवता येत नाही आणि आईला नॅपकिनमध्ये धरणं जमत नाही. तू सरळ इकडेच ये. मिरजेतून मासे आणू, मागच्या अंगणात शेगडीवर लोखंडी तव्यात तळू, घरात धूर नको. आणि परफ्यूम मारून येऊ नकोस, दारातच आंघोळीला पाठवीन.

तुझा,
दिल्या